रंग होईपर्यंत ठेव

माझा थोरला भाऊ शौकी आणि इन्साफवहिनी यांचं घर तांता शहरात, रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर. तिसऱ्यावर मी. त्यांचं घर तीन खोल्यांचं, पण ती दोघं राहायची ती खोल्यांना जोडणाऱ्या पॅसेजमध्ये. पॅसेज दोन हात रुंद. तिथेच बुटकं टेबल मांडून जेवायची, तिथेच रेडिओ ऐकायची. कोणी आलं तर पाय पोटाशी घ्यायची.

खोल्यांमध्ये जागा नव्हती. पहिली खोली पाहुण्यांची. तिच्यात सोनेरी मुलाम्याचा कोच आणि तशाच चार खुर्च्या, सगळ्यांवर पांढऱ्या चादरी. खोलीला कुलूप आणि किल्ली वहिनीच्या गळ्यात. चौतीस वर्षांत पाहुणे पुष्कळ आले, पण त्या खोलीच्या लायकीचे एकही नाही. दुसऱ्या खोलीत काचेचं कपाट, आमच्याकडे प्रत्येक नवरीला लागतं तसलं, आणि त्यात पोर्ट सईदहून आणलेला बहात्तर नगांचा जेवणाचा सेट. त्यातला एकही नग जेवायला बाहेर आला नव्हता. तिसरी झोपायची खोली. रबाबचा, म्हणजे माझ्या पुतणीचा, जन्म झाला त्या आठवड्यापासून वहिनीने तिच्या लग्नाचं सामान साठवायला घेतलं होतं. ब्लँकेटं, टॉवेल, पातेली, सुऱ्यांचे संच. मुलगी लग्न होऊन कुवेतला गेली, नवऱ्याचं घर तिथे आधीच सजवलेलं, म्हणून पेट्या इथेच राहिल्या. छतापर्यंत रचलेल्या त्या पेट्यांमधून एक खिंड ठेवली होती. तिच्यातून ही दोघं रात्री पलंगावर पोहोचायची.

चौतीस वर्षं असं चालल्यामुळे शौकीला सरळ चालणं जमेनासं झालं होतं. मोकळ्या रस्त्यावरही तो खांदा पुढे काढून, खेकड्यासारखा तिरका चालायचा. रेल्वेत सिग्नल खात्यात होता तेव्हा साहेबांना वाटायचं, याला पाठीचं दुखणं आहे. वहिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. नाईलचे उगम तिला तोंडपाठ, पण स्वतःच्या पुढच्या खोलीच्या खिडकीपर्यंत ती अकरा वर्षांत पोहोचली नव्हती. निवृत्त झाल्यापासून पहाटेच्या नमाजानंतर जी धूळ पुसायला लागायची ती दुपारी थांबायची. गुडघे गेले होते.

गेल्या उन्हाळ्यात, ईद होऊन आठवडा झाला असेल, दोघं सकाळी पॅसेजमध्ये शिजवलेल्या फावा शेंगांचे दाणे आणि भाकरी खात होती. आतून धप्प असा आवाज आला. झोपायच्या खोलीत पेट्यांची एक थप्पी कोसळली आणि नेमकी दारावर आतून टेकली. दार आत उघडणारं, ते तसूभर हलेना. शौकीने जोर लावला, मी खांदा लावला, खालचा दुकानदार येऊन लाथ मारून गेला. काही नाही. सुतार गिरगिसला निरोप धाडला. तो म्हणाला, चर्चचे बाक चालू आहेत, शनिवारी येतो. वार होता मंगळवार.

माझी बायको तफीदा म्हणाली, "ताई, चार दिवस आमच्याकडे झोपा."

"कशाला? चटई आहे," वहिनी म्हणाली.

तिच्याकडे अंगावरचा एक झगा होता आणि दोरीवर वाळणारा दुसरा. शौकीकडे पायजमा आणि मशिदीत जायचे कपडे. रात्री पॅसेजमध्ये चटई टाकून स्वयंपाकघराकडे डोकी आणि न्हाणीघराकडे पाय करून दोघं झोपली.

पहिल्या दिवशी वहिनी दारापाशी बसून आतल्या वस्तूंच्या नावाने रडली. दुसऱ्या दिवशी आत काय काय आहे ते बोटांवर मोजलं. तिसऱ्या दिवशी मोजता मोजता अडकली आणि पुढे काही आठवेना. चौथ्या दिवशी सकाळी दहाला ती आमच्या दारात उभी. हातात फडकं नाही, काही नाही.

तफीदा घाबरली. "कोण गेलं?"

"कोणी नाही गं. काम संपलं. चहा ठेव."

शनिवारी गिरगिस करवत आणि पहार घेऊन आला. मीही वर गेलो होतो.

"ताई, बाजूला व्हा. बिजागऱ्याच उचकटतो," तो म्हणाला.

"थांब जरा." वहिनी नवऱ्याकडे वळली. "रबाबचे बाबा, आत काय आहे?"

"आपलं सामान," शौकी म्हणाला.

"कुठलं?"

शौकीने विचार केला. "ब्लँकेटं. आणि ते हे."

"ते हे म्हणजे?"

"ते नाही का, निळं. मोठं. झाकणाचं."

"त्याचं काय करतो आपण?"

"त्याचं काही करत नाही. ते आहे."

वहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली. मग म्हणाली, "गिरगिस, चहा घे आणि जा."

"ताई, मी करवत घेऊन चार मजले चढलोय."

"मजुरी पूर्ण घे. दार राहू दे तसंच."

गिरगिसने चहा प्यायला, मजुरी घेतली आणि खाली उतरल्यावर फाटकापर्यंत भेटेल त्याला सांगितलं की इन्साफबाईने त्याला दार न उघडण्याचे पैसे दिले.

पुढच्या आठवड्यात वहिनीने गळ्यातली किल्ली काढून ठेवली. मान दुखायची थांबली म्हणे. एका दुपारी तिने शौकीला सांगितलं, "एक खोली बंद झाली तर गुडघे निम्मे बरे झाले. उरलेल्या दोन खोल्या रिकाम्या केल्या तर मी मक्केला चालत जाईन."

शौकी म्हणाला, "मग करूया की." माझा भाऊ बायकोपुढे फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी लगेच बोलला.

आधी भंगारवाल्याला बोलावलं. तो दारात उभा राहिला, आतल्या सोनेरी खुर्च्या पाहिल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

"बाई, मी मोडकं घेतो. चांगलं घेत नाही."

"चांगलं का नाही?"

"असलं चांगलं सामान काढणारा एक तर चोर असतो, नाही तर दुःखात असतो. चोराचं घेतलं की पोलीस येतात. दुःखातल्याचं घेतलं की आठवड्याने तोच रडत परत मागायला येतो. मला दोन्ही जड जातं. तुम्ही मोडा, मग हाक मारा."

वहिनीने खरोखर पितळी बत्ता आणला. खुर्चीवर उगारला आणि बराच वेळ तसाच धरून उभी राहिली. मग बत्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "हात उचलला तर अंगावर शहारा आला. आईचं तोंड दिसलं."

मग शेजाऱ्यांना फुकट देऊन पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना शौकी म्हणाला, "एक खुर्ची घ्या, आम्हाला नको आहे." बाईंनी खुर्ची घेतली नाही, पण तासाभराने कबुतराचं सूप घेऊन वर आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतोय?" दुसऱ्या दिवशी गल्लीत तीन मतं होती. एक, शौकीला असाध्य रोग आहे. दोन, घटस्फोट. तीन, फरशीखाली फॅरोच्या काळातलं सोनं सापडलंय आणि खणायला जागा करतायत. आठवड्यात सतरा माणसं भेटायला आली. रिकाम्या हाताने कोण येणार? नऊ किलो पेरू, साखरेच्या पाच पिशव्या, मिठायांचे डबे आणि एक मोठं घड्याळ जमा झालं. घरातलं सामान वाढलं.

वाट सापडली ती फिक्री न्हाव्याच्या दुकानात. शौकी दाढी करायला गेला आणि तिथेही त्याने खुर्चीचा विषय काढला.

फिक्रीने वस्तरा थांबवला. गल्लीत शौकीला सगळे अबू रबाब, म्हणजे रबाबचा बाप, म्हणतात. "हे बघ, अबू रबाब. माझ्या बापाने कोणाचं फुकट घेतलं नाही. मी उपकाराखाली राहणार नाही."

शौकी कंटाळला होता. तोंडावर साबण तसाच. तो म्हणाला, "बरं बाबा. घराला रंग काढतोय. रंग होईपर्यंत ठेवशील?"

"मग आधी नाही का सांगायचं?" फिक्री म्हणाला. त्याने हात पुसले, अर्धी दाढी तशीच ठेवून शौकीला घेऊन आला, खुर्ची स्वतः डोक्यावर घेतली आणि चार मजले उतरला.

आमच्या गावाचं हे असंच आहे. फुकट दिलेलं कोणी घेत नाही आणि सांभाळायला दिलेलं कोणी नाकारत नाही. आठवड्यात दोन खोल्या रिकाम्या झाल्या. एक खुर्ची फिक्रीकडे, एक फाटकावरच्या मुअव्वदच्या केबिनमध्ये, कारण तो शौकीच्या हाताखालचा. एक उसाच्या रसवाल्याकडे, एक मशिदीच्या चपला सांभाळणाऱ्याकडे. कोच दवाखान्यात. काचेचं कपाट बहात्तर नगांसकट आमच्याकडे. मी नाही म्हणणार होतो. आमच्याकडे आमचं एक कपाट होतंच. पण शौकीने माझ्या डोळ्यांत बघून "रंग होईपर्यंत" म्हटलं आणि मी होकार दिला.

त्यानंतर मी वर गेलो तर वहिनी पाहुण्यांच्या खोलीत खिडकीला टेकून उभी. वारा थेट आत. ती म्हणाली, "लुत्फीभाऊ, इथून फाटक दिसतं. तुम्हाला माहीत होतं?" शौकी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत येरझारा घालत होता. दोन्ही खांदे पुढे, छाती समोर. पाचव्या फेरीला तो अडखळून पडला, कारण सरळ चालायची सवय नव्हती. उठला आणि परत चालायला लागला.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी फिक्री खुर्ची डोक्यावर घेऊन दारात हजर.

"रंग झाला का?"

शौकीने दार अर्धंच उघडलं. "एक हात बाकी आहे."

"मग थांबतो अजून. सावकाश होऊ दे." फिक्री खुर्ची घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी रसवाला. तिसऱ्या दिवशी मुअव्वद, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात धावत. इमानदार माणसांचा हाच त्रास. तेव्हा शौकीने पांढऱ्या रंगाची बादली आणि ब्रश आणला. कोणी दार वाजवलं की तो ब्रश बुडवून पुढच्या खोलीच्या भिंतीसमोर उभा राहायचा. एकच भिंत. आधी पांढरी झाली, मग लोकांना संशय नको म्हणून पिस्त्याच्या रंगाची, मग पुन्हा पांढरी. चार महिने. नाकावर कायम एक ठिपका असायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, हा रंग भिंतीतून पलीकडे जाईल." तो म्हणाला, "मला आवडतंय रे. आयुष्यभर लाल आणि हिरवा दिवाच बघितला."

सप्टेंबरात मात्र वहिनीचा मोठा भाऊ, हाजी मितवल्ली, शेजारच्या महल्ला शहरातून आला. हा कापड गिरणीत तीस वर्षं कोठारावर होता. बायको गेलेली, मुलं परदेशात. लग्नात नवऱ्याने सही करून द्यायची यादी असते, घरातली प्रत्येक वस्तू बायकोची, नवरा नुसता राखणदार, आणि काही कमी झालं तर नवऱ्याला तुरुंग. वहिनीच्या लग्नातली ती यादी मितवल्लीकडे होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात. गिरगिसची गोष्ट फिरत फिरत महल्ल्याला पोहोचली होती.

तो रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. भिंत ओली होती.

"शौकी, कोच कुठाय?"

"दवाखान्यात," शौकी म्हणाला.

"काय झालं त्याला?"

"त्याला काही नाही झालं. लोक बसतात त्याच्यावर."

"कपाट?"

"लुत्फीकडे."

मितवल्लीने पाकिटातून कागद काढला. "तुझी सही आहे ही. मी आज चौकीवर जाऊ शकतो."

वहिनी म्हणाली, "दादा, वस्तू माझ्या. मीच काढल्या. याला कशाला तुरुंगात घालतोस?"

"वस्तू तुझ्या, यादी माझ्याकडे. तू लहान आहेस."

"मी बासष्टची आहे."

"माझ्यापेक्षा लहान आहेस." त्याने चष्मा चढवला. "एकेक वस्तू डोळ्यांनी बघेन. एकही कमी निघाली तर चौकी."

आम्ही चौघं निघालो. शौकी पुढे, सरळ चालत, नाकावर रंगाचा ठिपका. आधी फाटक. मुअव्वद केबिनच्या बाहेर उन्हात उलट्या डब्यावर बसला होता. आत खुर्चीने सगळी केबिन व्यापलेली. वर चादर, चादरीवर प्लॅस्टिक, आणि चारही पाय दोरीने खिडकीच्या गजांना बांधलेले.

"एक्सप्रेस गेली की हादरते हो," मुअव्वद अभिमानाने म्हणाला. "मी प्रत्येक गाडीला धरून उभा राहतो. अजून ओरखडा नाही. रंग झाला का?"

मितवल्लीने प्लॅस्टिक उचलून पाहिलं आणि कागदावर बारीक खूण केली. "चांगली माणसं शिल्लक आहेत अजून," तो म्हणाला.

वहिनी उलट्या डब्याकडे बघत होती. "मुअव्वद, तू पावसात कुठे बसतोस?"

"पावसात उभा राहतो, ताई."

रसवाल्याने खुर्ची बर्फाच्या पेटीवर चढवून ठेवली होती. बर्फ काढायचा म्हणजे शेजारच्या दोघांना बोलावून आधी ती उतरवावी लागे. म्हणून त्याने बर्फ घालणंच बंद केलं होतं. लोक कोमट रस पीत होते आणि कोणी तक्रार करत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की शौकीच्या घरी रंग चालू आहे. मशिदीपाशी चपलांच्या फडताळात खुर्ची ठेवली होती आणि चपला बाहेर रस्त्यावर. दवाखान्यातला कोच तेवढा वापरात होता, पण फक्त डॉक्टर स्वतः त्याच्या कडेला बसत, तेही रुमाल टाकून. लोक बसतात ही फक्त शौकीची समजूत निघाली. मितवल्लीच्या खुणा वाढत चालल्या आणि चेहरा खुलत चालला. वहिनीचा उतरत चालला.

शेवटी फिक्रीचं दुकान. चिंचोळं दुकान, त्यात चादर घातलेली सोनेरी खुर्ची बरोबर मधे. गिऱ्हाईक तिच्या पलीकडे भिंतीला चिकटून उभं आणि फिक्री खांदा पुढे काढून, तिरका होऊन, एका हाताने त्याचे केस कापत होता. तिथून बाहेर पडताना तो तिरकाच आला. बाहेर मोकळ्या फुटपाथवरही तिरकाच उभा राहिला.

ते पाहून वहिनी जागच्या जागी थबकली. मला म्हणाली, "लुत्फीभाऊ, आपण काय केलं हे. आपलं दुखणं वाटून दिलं गावभर."

मग ती आत शिरली. एका झटक्यात चादर ओढली आणि खुर्चीत बसली. नीट, मागे टेकून, दोन्ही हात सोनेरी हातांवर ठेवून. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. स्प्रिंगांनी आवाज केला.

"इन्साफ, हा यादीतला सातवा नंबर आहे," मितवल्ली म्हणाला.

"फिक्री, चहा सांग," वहिनी म्हणाली. चहा आला. तिने अर्धा प्यायला आणि उरलेला शांतपणे बैठकीवर ओतला. गुलाबी मखमलीवर तपकिरी डाग पसरत गेला. फिक्रीने तोंडावर हात ठेवला. गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने तसंच उभं.

"रंग संपला, फिक्री," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर रंग नव्हताच. खुर्ची तुझी. लोकांना बसव हिच्यावर."

फिक्रीला उमजायला वेळ लागला. "म्हणजे अबू रबाब खोटं बोलला?"

"हो," शौकी म्हणाला.

"म्हणजे मी चार महिने उगाच आडवा उभा राहिलो?"

"हो."

फिक्रीने कात्री खाली ठेवली. तो भांडेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "सत्तावीस वर्षं दुकान आहे. मी कधी माझ्या दुकानात बसलेलो नाही. मी बसू का?"

वहिनी उठली. फिक्री बसला, डागावरच. डोळे मिटले. गिऱ्हाईक म्हणालं, "माझं काय?" फिक्री म्हणाला, "उद्या ये."

आमच्या घरी आल्यावर मितवल्ली म्हणाला, "डाग पडला म्हणजे वस्तू कमी झाली. मी चौकीवर जाणार. पण आधी बहात्तर नग बघतो."

तफीदाने सशाचं मटण घालून मुलुखिया, म्हणजे हिरव्या पाल्याची पातळ भाजी, केली होती. वहिनी सरळ आमच्या खोलीत गेली, काचेचं कपाट उघडलं आणि पोर्ट सईदच्या ताटल्या काढून टेबलावर मांडू लागली. कड सोनेरी, मधे निळी फुलं. मितवल्ली उभाच राहिला.

"दादा, बस. चौकी कुठे पळून जात नाही."

"याच्यात जेवायचं?"

"मग कशात?"

तो बसला. ताटलीकडे बघत राहिला. मग कोणी विचारलं नसताना बोलायला लागला. "हा सेट मी आणला. पोर्ट सईदहून. कस्टमवाले गाडीत शिरून पेट्या फोडायचे तेव्हा. मी खोका मांडीवर घेतला आणि वर कोट टाकला. पाच तास पाय हलवला नाही. तांत्याला उतरलो तर पाय माझे नव्हते. हमालाने मला उचलून फलाटावर ठेवलं, खोक्यासकट." त्याने सोनेरी कडेवरून बोट फिरवलं. "आणि मी याच्यात कधी जेवलो नाही. मला कोणी बोलावलंच नाही याच्यात जेवायला."

वहिनीने त्याच्या ताटलीत भात वाढला, वर हिरवीगार मुलुखिया ओतली, सशाची मांडी ठेवली. "आज बोलावलंय."

तो जेवला. पहिले चार घास घाबरत, चमचा ताटलीला लागू न देता. मग चमचा वाजायला लागला.

जेवण झाल्यावर तो उठला. "ताटल्या मी धुणार. तुमच्यावर माझा विश्वास नाही." बाह्या सरसावून आमच्या मोरीशी उभा राहिला. आम्ही पॅसेजमधून बघत होतो. पहिली ताटली नीट धुतली, फडक्याने पुसली. दुसरीही. तिसरी साबणाने निसटली आणि फरशीवर फुटली.

मितवल्ली तुकड्यांकडे बघत उभा राहिला. हातातून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. त्याने हात पुसले, चष्मा लावला, पाकिटातून यादी काढली, खिशातून पेन काढलं आणि एक ओळ नीट, सरळ खोडली.

मग म्हणाला, "अजून थोडी मुलुखिया आहे का?"

त्या दिवशी तो चौकीवर गेला नाही. रात्री आमच्याकडेच झोपला. सकाळी जाताना वहिनीने विचारलं, "यादी देतोस का?" तो म्हणाला, "नाही." पण त्यानंतर दर शुक्रवारी तो महल्ल्याहून येतो. फिक्रीच्या खुर्चीत बसून दाढी करतो, मुअव्वदच्या खुर्चीत बसून एक्सप्रेस बघतो, रसवाल्याकडे गार रस पितो. कुठे पाय डुगडुगला, कुठे वेलबुट्टी निघाली, ते यादीत लिहितो आणि दुपारी आमच्याकडे जेवायला येतो. गेल्या महिन्यापर्यंत त्याने स्वतःच्या हातून सहा नग फोडलेत. मुद्दाम नाही. पण तफीदा म्हणते, तो हल्ली साबण जास्त घेतो.

हिवाळ्यात मुअव्वदच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सामान जमेना, तेव्हा गिरगिसला परत बोलावलं. त्याने झोपायच्या खोलीच्या बिजागऱ्या उचकटल्या. आतून ब्लँकेटं निघाली, टॉवेल निघाले, आणि निळं, मोठं, झाकणाचं ते निघालं. मासे शिजवायचं भांडं होतं. सगळं त्या नवरीकडे गेलं. रबाबने कुवेतहून फोन करून आईला तासभर सुनावलं. "माझं होतं ते. मला विचारायचं तरी." वहिनीने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "त्यात काय काय होतं ते सांग. एकेक वस्तू परत आणते." मग रबाबने विषय बदलला आणि मुलांच्या परीक्षेचं सांगायला लागली.

परवा दुपारी मी वर गेलो होतो, वीज गेली होती आणि दोन कपाटांमुळे आमच्या खोलीत अंधार होता म्हणून. दार उघडंच. पुढच्या खोलीत दोघं फरशीवर उताणी पडलेली, उशीही नाही, कोचाच्या जागी शौकी आणि खुर्च्यांच्या जागी वहिनी. खिडकीतून ऊन वहिनीच्या पायांपर्यंत आलं होतं आणि पडदा कोणी ओढायचा यावरून भांडण चालू होतं.

"तू ओढ. तू जवळ आहेस," शौकी म्हणाला.

"मी काल ओढला," वहिनी म्हणाली.

खोली रिकामी असल्यामुळे प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून दुसऱ्यांदा ऐकू येत होता. त्यामुळे दोघांना निम्मंच बोलावं लागत होतं आणि भांडण लवकर आटपलं. पडदा कोणीच ओढला नाही. वहिनी पडल्या पडल्या थोडी सरकली आणि ऊन रिकाम्या फरशीवर पडलं. मी विचारलं, "मेणबत्ती आहे का?"

शौकीने डोळे न उघडता सांगितलं, "नाही. बस."

मी कुठे बसायचं ते बघत होतो. मग बसलो खालीच.